ठपका आईवर, वारसा दोघांचा

सावळ्या आईवडिलांच्या पोटी पांढऱ्या केसांचं, गुलाबी कातडीचं बाळ जन्माला आलं की आपल्याकडे चौकशी सुरू होते ती आईची. ग्रहण पाळलं होतं का? दिवस असताना काय खाल्लं? केशर जास्त झालं का? माहेरी कुणाला कोड आहे का, आणि असेल तर लग्न ठरताना लपवलं का? याच्याही पुढचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण नवऱ्याच्या नजरेत आणि सासूच्या अबोल्यात तो असतो: हे मूल आपल्याच घरातलं ना? नुकतीच बाळंत झालेली बाई या सगळ्याला काय उत्तर देणार? तिला स्वतःलाच काही कळलेलं नसतं. ज्यांना कळलेलं असतं ते डॉक्टरही बऱ्याचदा ‘अल्बिनिझम आहे, उन्हात नेऊ नका’ एवढंच सांगतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात.

ही गोष्ट मला अस्वस्थ करते, कारण इथे अज्ञानाला सबब नाही. वर्णकहीनता, म्हणजेच अल्बिनिझम, एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी जाते हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. आर्चिबाल्ड गॅरॉड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९०८ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत जन्मजात चयापचय-दोषांची, म्हणजे शरीरातल्या रासायनिक प्रक्रियांत जन्मापासूनच असलेल्या बिघाडांची, कल्पना मांडली. त्यासाठी निवडलेल्या चार उदाहरणांपैकी एक वर्णकहीनतेचं होतं. आपल्या राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही तिच्यावर परिच्छेद आहे. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि पुढे दहा-बारा वर्षांनी त्यांच्यापैकीच कुणी जावा-नणंदांच्या घोळक्यात उभं राहून नव्या आईला ग्रहणाबद्दल विचारतं.

म्हणून माझं म्हणणं असं की हे ज्ञान पुस्तकातून प्रसूतिगृहात आणणं ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी मानली पाहिजे. आणि ते आणताना एक पथ्य पाळलं पाहिजे. या ज्ञानाचा उपयोग आईवरचा आरोप पुसायला आणि मुलाचे डोळे व कातडी सांभाळायला व्हावा. अशी मुलं जन्मालाच येऊ नयेत म्हणून जाळं टाकायला होऊ नये.

आधी मूळ गोष्ट. त्वचेचा, केसांचा आणि बुबुळांचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. मेलॅनोसाइट नावाच्या पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते तयार करतात आणि त्यातली पहिली पायरी टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) पार पाडतं. वर्णकहीनतेत या पेशी जागच्या जागी असतात, संख्येलाही पुरेशा असतात. रंग बनवण्याच्या कामातली एखादी पायरी मात्र अडलेली असते. टायरोसिनेजचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यात बिघाड असेल तर तो वर्णकहीनतेचा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकाराचं जनुक १५व्या गुणसूत्रावर असतं. आफ्रिकेत दुसरा प्रकार जास्त दिसतो, तर भारतातल्या अभ्यासांत पहिला ठळकपणे पुढे आला आहे. त्वचा, केस आणि डोळे या सगळ्यांवर परिणाम करणारे असे आठ प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. कोडाशी या कशाचाही संबंध नाही. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, तेही जन्मानंतर कधीतरी आणि डागाडागांनी. यातलं काहीही शिवल्याने पसरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं म्हणून सांगतो.

आता वारशाचं गणित. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. रंग तयार व्हायला एक चांगली प्रत पुरते. त्यामुळे ज्याच्याकडे एक चांगली आणि एक सदोष प्रत आहे त्या माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. तो दिसायला चारचौघांसारखा असतो, नेहमीच्या रक्त-लघवीच्या तपासणीतही काही निघत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्हीकडून सदोष प्रतच मिळेल. चारात दोन शक्यता असतात की ते आईवडिलांसारखंच वाहक होईल, आणि चारात एक शक्यता की दोन्ही प्रती चांगल्या येतील. ‘एक तसं झालं, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशोब अनेक घरांत मांडला जातो. तो चूक आहे. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. दोन्ही मुलं वर्णकहीन असलेली घरं आहेत, आणि पाच मुलांत एकही नाही अशी वाहक आईबापांची घरंही असणार, ज्यांना आपण वाहक आहोत हे कधी कळणारसुद्धा नाही.

या साध्या गणितात एक गोष्ट स्पष्ट आहे, आणि ती प्रत्येक सासरी सांगितली गेली पाहिजे. सदोष प्रत दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय मूल वर्णकहीन होत नाही. म्हणजे आईचा जितका वाटा, नेमका तितकाच बापाचा. ग्रहण, केशर, लोहाच्या गोळ्या, भीती, नजर, यांतल्या कशाचाही यात शिरकाव नाही. बाळाला कोणत्या प्रती मिळणार हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. संशयाचं म्हणाल तर तोही या गणितापुढे टिकत नाही. जगात साधारण १७ ते २० हजार माणसांमागे एक वर्णकहीन आहे, त्यावरून वाहकांचं प्रमाण सत्तरात एक इतकं निघतं. पाचशे माणसांच्या लग्नाच्या पंगतीत असे सातएक वाहक जेवून जातात. मूल परक्या पुरुषाचं आहे असं मानायचं, तर तो पुरुषही नेमका त्या सत्तरातला एक असला पाहिजे. बाळाच्या रंगावरून बाईच्या चारित्र्याबद्दल बोलणाऱ्याला वारशाचे नियम शोधणारा मेंडेल तर कळलेला नसतोच, साधी बेरीज-वजाबाकीही त्याने केलेली नसते.

एक अपवाद आहे आणि तो लपवणं बरोबर होणार नाही. वर्णकहीनतेचा एक प्रकार फक्त डोळ्यांत दिसतो आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तो आईकडून मुलाला येतो. मुलगा सावळा असतो, केस काळे असतात, पण बुबुळं थरथरतात आणि नजर अधू असते. कुणी म्हणेल, बघा, इथे तर आईचंच आहे. तिच्याकडे ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं, किंवा तिच्यातच नव्याने घडलं. यात तिने काय केलं? वारसा आणि दोष या दोन गोष्टी आपण इतक्या सहज एकत्र का करतो, हे मला खरोखर कळत नाही. बापाकडून आलेल्या टकलाबद्दल, घाऱ्या डोळ्यांबद्दल, मधुमेहाबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही.

लग्न जुळवताना आपल्याकडे वारशाचा विचार होत नाही असं मात्र नाही. होतो, पण एकाच बाजूने. गोत्र बघतात. सगोत्र विवाह नको म्हणतात. पण गोत्र चालतं बापाच्या वंशाने आणि जनुकं येतात दोन्हीकडून. त्यामुळे सात पिढ्यांपलीकडची, नातं कुणाला सांगताही येणार नाही अशी सगोत्र मुलगी वर्ज्य ठरते, आणि मामाची मुलगी चालते. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत ती नुसती चालते असं नाही, भाच्याचा तिच्यावर हक्क मानला जातो. आता आकडे बघू. एखादा मुलगा वाहक आहे असं धरलं. त्याने नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न केलं तर ती वाहक असण्याची शक्यता सत्तरात एक, आणि त्यांचं मूल वर्णकहीन होण्याची शक्यता त्याच्या चौथाई, म्हणजे २८०त एक. मामाच्या मुलीकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता आठात एक असते. मग मुलाच्या बाबतीत ती ३२त एक होते. जवळपास नऊपट. आणि हे एकट्या वर्णकहीनतेपुरतं नाही. अशा रीतीने येणाऱ्या शेकडो आजारांना हेच गणित लागू पडतं, आणि त्यांतले काही फार क्रूर आहेत.

पण फक्त नात्यातली लग्नं थांबवली की झालं, असंही नाही. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीतल्या संशोधकांनी २००५ साली पश्चिम बंगालमधल्या तिली समाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या समाजात वर्णकहीनता जास्त दिसते, आणि तिच्या मुळाशी टायरोसिनेजच्या जनुकातला एकच ठरावीक बदल आहे. कधीकाळी एका पूर्वजात तो होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतल्या जातीत होत राहिल्याने तो तिथेच फिरत राहिला. यात त्या समाजाचा काही कमीपणा नाही. बेटावर, डोंगरात किंवा जातीच्या भिंतीत, जिथे जिथे माणसं थोड्या लोकांमध्येच सोयरिकी करतात तिथे कोणता ना कोणता दुर्मीळ बदल साचतो. पनामातल्या गुणा आदिवासींत वर्णकहीनता जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. प्वेर्तो रिको बेटाच्या वायव्य भागात तर तिचा एक वेगळाच प्रकार साधारण १८०० माणसांत एकाला असतो. त्यात रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून दात काढायच्या आधीही डॉक्टरांना सांगावं लागतं. आपल्याकडची प्रत्येक जात अशीच एक वस्ती आहे. ‘नात्यात नको, पण जातीतच हवी’ या आग्रहाचा जनुकीय अर्थ हा असा आहे. आंतरजातीय लग्नाचं समर्थन मी या कारणासाठी करणार नाही. ते माणसाच्या स्वातंत्र्यासाठी करायचं असतं आणि त्याला तेवढं कारण पुरेसं आहे. मात्र शुद्ध रक्ताच्या बढाया मारणाऱ्यांना ‘शुद्ध’ राहण्याची किंमत काय असते ते माहीत असावं.

आतापर्यंत सगळी चर्चा रंगाची झाली, कारण समाजाचं लक्ष तिथेच जातं. वर्णकहीन माणसाच्या रोजच्या आयुष्यात मात्र खरी अडचण रंगाची नसते. ती नजरेची असते.

बाळ पोटात असताना डोळ्याच्या पडद्याची जडणघडण होत असते आणि त्या कामात मेलॅनिनचा सहभाग लागतो. ते नसलं की पडद्याच्या मध्यावरची, बारीक तपशील टिपणारी जागा नीट घडत नाही. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतूही वेगळ्या वाटेने जातात. एरवी प्रत्येक डोळ्यातले निम्म्याहून थोडे अधिक तंतू विरुद्ध बाजूला ओलांडतात, इथे बहुतेक सगळेच ओलांडतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज घेणं जड जातं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बुबुळं थरथरायला लागतात. बुबुळात रंग नसल्याने उजेड अडत नाही आणि ऊन डोळ्यांत खुपतं. चष्म्याने नंबर सुधारतो, पण पडद्यावर जे घडलंच नाही ते चष्मा आणून देऊ शकत नाही. त्यामुळे चष्मा लावूनही अनेकांची नजर ६/१८ ते ६/१२० या टप्प्यात राहते, म्हणजे इतरांना १८ ते १२० मीटरवरून दिसणारं त्यांना सहा मीटरवरूनच दिसतं. बुद्धीला काही झालेलं नसतं. आयुष्यमानही, काही दुर्मीळ प्रकार सोडले तर, इतरांइतकंच असतं.

आता हे मूल शाळेत जातं. फळ्यावरचं त्याला दिसत नाही. पुस्तक ते नाकाशी धरतं. मान एका बाजूला कलती करून बघतं, कारण त्या ठरावीक कोनात बुबुळांची थरथर सगळ्यांत कमी होते आणि अक्षर स्थिर दिसतं. ही त्याने स्वतः शोधून काढलेली युक्ती असते. आणि बाई म्हणतात, ‘मान सरळ ठेव.’ असं बोललेलं मी वर्गाबाहेरून ऐकलं आहे. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, इतकंच. पण त्या एका वाक्याने मुलाची दिसण्याची एकमेव सोय काढून घेतली जाते. पुढे ते गणितात मागे पडतं, खेळाच्या तासाला चेंडू दिसत नाही म्हणून बाजूला बसतं, आणि सातवी-आठवीपर्यंत ‘अभ्यासात यथातथाच आहे’ असा शिक्का घेऊन बाहेर पडतं. उन्हातान्हात मजुरी करणाऱ्या घरातलं असेल तर त्याच्या वाट्याला शेतातलं काम येतं, आणि त्याच्या कातडीला ऊन म्हणजे कर्करोगाचं आमंत्रण असतं. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन मिळालं तर हा कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येतो. पण सनस्क्रीन आपल्याकडे कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतं. केनियाचं सरकार वर्णकहीन नागरिकांना सनस्क्रीन पुरवतं. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी शहरात त्वचारोगांच्या प्रशिक्षण केंद्रात ते खास याच लोकांसाठी तयार होतं. आपल्यापेक्षा गरीब देश हे करतात. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर ते मिळू नये, याला मला कोणतंही पटण्यासारखं कारण दिसत नाही.

कायद्याकडे बघितलं तर तिथेही वर्णकहीन माणूस नावाने सापडत नाही. २०१६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. हे तिन्ही जनुकीय आहेत आणि त्यांचा समावेश योग्यच झाला. वर्णकहीनता नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळवायचं तर ‘अल्पदृष्टी’ या दाराने आत जावं लागतं आणि तिथे नजर अक्षरांच्या तक्त्यावर मोजली जाते. ही मोजणी होते दवाखान्याच्या खोलीत, सावलीत. त्याच माणसाला दुपारी बारा वाजता एस.टी. स्टँडवर उभं करा आणि बसची पाटी वाचायला सांगा. कागदावर त्याची नजर एक असते आणि भर उन्हात दुसरीच. कातडीच्या धोक्याची तर या हिशोबात नोंदच होत नाही. बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वापाशी सुरू होतात. ज्याची टक्केवारी त्याच्या जरा खाली भरते त्याला उजेडाचा त्रास तितकाच असतो, पण हातात काही नसतं. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तो निकाल खालच्या कार्यालयांत आणि परीक्षाकेंद्रांवर पोचायला हवा. त्याहून मूळचा उपाय म्हणजे कायद्याच्या यादीत वर्णकहीनतेचं नाव घालणं, नजर आणि कातडी या दोन्हींचा विचार करून. यादी वाढवण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग. ज्या घरात एक वर्णकहीन मूल आहे त्या घरात पुढच्या गरोदरपणी तपासणी करता येते. आईवडिलांच्या जनुकांतला नेमका बदल आधी शोधायचा, मग अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन बाळात तोच बदल आहे का ते बघायचं. भारतात हे होतं. तपासण्या स्वस्त होत चालल्या आहेत आणि लग्नाआधी जनुकीय तपासणी करून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळांच्या जाहिरातीही आता दिसतात. म्हणजे जे ज्ञान पहिल्या बाळंतपणात आईला दिलासा द्यायला कुणी आणलं नाही, तेच दुसऱ्या गरोदरपणात ‘ठेवायचं की नाही’ हे विचारायला लगेच हजर होतं. हा क्रम मला भयंकर वाटतो.

यात मी बाईच्या निर्णयाच्या आड येऊ इच्छित नाही. मूल तिच्या पोटात वाढणार, आयुष्य तिचं, निर्णय तिचाच. पण निर्णय तिचा म्हणायचा तर तिच्यासमोर पूर्ण चित्र असलं पाहिजे. ‘बाळात दोष आहे’ या तीन शब्दांवर घेतलेला निर्णय तिचा नसतो. तो सांगणाऱ्याचा असतो, आणि दाराबाहेर बसलेल्या सासरच्यांचा असतो. तिला कळायला हवं की हे मूल शिकेल, नोकरी करेल, म्हातारं होईल. त्याला जाड अक्षरं, पहिला बाक, टोपी आणि सनस्क्रीन लागेल. वर्णकहीन माणसं आज वकिली करतात, शिकवतात, संगणकावर काम करतात. शक्य असेल तर अशा एखाद्या मोठ्या माणसाशी तिची गाठ घालून द्यायला हवी. समुपदेशन याला म्हणतात. टक्केवारीचा कागद हातात ठेवणं म्हणजे समुपदेशन नव्हे.

हे ज्ञान माणसं गाळायला वापरलं जाईल ही भीती हवेतली नाही, याला दोन साक्षी आहेत. एक लंडनची. कार्ल पिअर्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९११ ते १९१३ दरम्यान जगभरच्या वर्णकहीन घराण्यांच्या वंशावळींचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. काम अफाट मेहनतीचं होतं. पण त्याच काळात पिअर्सन युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुप्रजननाचे, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची पैदास वाढवावी आणि ‘वाईट’ माणसांची रोखावी असं मांडणाऱ्या शास्त्राचे, प्राध्यापक होते. वंशावळ काढणं आणि वंश छाटणं यांत किती थोडं अंतर असतं, ते पुढच्या तीन दशकांत युरोपने बघितलं. दुसरी साक्ष आपल्या घरची. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, कारण गर्भजलाची तपासणी आजार शोधायला आली आणि मुली शोधायला वापरली गेली. तंत्र आधी आलं, समाजाचं मन होतं तिथेच राहिलं. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ लिहिणाऱ्या, आणि त्याच वेळी फार गोरं मूल जन्मलं तर हादरणाऱ्या या समाजाच्या हातात आता कातडीच्या रंगाचं जनुक वाचण्याचं यंत्र आलं आहे. सावध व्हायला आणखी काय घडायला हवं?

कुणी म्हणेल, सिकलसेलसाठी सरकार वाहक शोधतंच ना, लग्नाआधी कार्ड जुळवून बघायला सांगतंच ना, मग इथे वेगळा न्याय का? वेगळा, कारण आजार वेगळा आहे. सिकलसेलमध्ये असह्य वेदनांचे झटके येतात, रक्त द्यावं लागतं, आयुष्य कमी होतं. वर्णकहीनतेत, काही दुर्मीळ प्रकार सोडले तर, यांतलं काही नाही. तिचं ओझं बऱ्याच अंशी आपण निर्माण केलेलं आहे: न दिसणारा फळा, न मिळणारं प्रमाणपत्र, वळून वळून बघणारे लोक. जो त्रास समाज देतो त्यावरचा इलाज गर्भात शोधायचा नसतो. पण सिकलसेलच्या कामातून एक गोष्ट जरूर घ्यावी. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या पाड्यांवर, जिथे शाळेची पायरी न चढलेली माणसं आहेत तिथे, ‘वाहक’ म्हणजे काय आणि दोन वाहकांचं लग्न झालं तर काय होतं हे आरोग्यसेवक आणि आशाताई चित्रं दाखवून समजावतात. लोकांना ते समजतं. वर्णकहीनतेचं गणित अगदी तेच आहे. म्हणजे ‘लोकांना जनुकं कळणार नाहीत’ ही सबब महाराष्ट्रात तरी चालणार नाही.

यंत्रणाही नव्याने उभारायची नाही. लहान मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. त्यात अंगणवाडीपासून शाळेपर्यंत मुलं तपासली जातात, दृष्टिदोष टिपले जातात आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवली जातात. वर्णकहीन बाळ तर बहुतेक वेळा जन्मताच ओळखू येतं, त्याला शोधायलाही लागत नाही. प्रसूतिगृहातून घरी सोडण्याआधीच त्याची नोंद त्या केंद्राकडे झाली, तीन महिन्यांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं, आणि आईबरोबर बापालाही समोर बसवून वारशाचं चित्र काढून दाखवलं, तर अर्धी लढाई तिथेच संपते. बापाला बोलवायचंच, हा नियम असावा. सासू आली तर उत्तम. ‘तुमच्या मुलाकडूनही अर्धं आलं आहे’ हे वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाने एकदा म्हणणं, सुनेने वर्षभर रडत सांगण्यापेक्षा जास्त काम करतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली, पूर्व आफ्रिकेत वर्णकहीन लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर, १३ जून हा त्यांच्यासाठीचा दिवस ठरवला. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास, विदर्भात थोड्या उशिराने, शाळा उघडतात. शिक्षण विभागाने त्या आठवड्यात प्रत्येक शाळेला एक पानाचं पत्रक पाठवावं: असं मूल वर्गात असेल तर त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, फळ्यावरचं त्याला वहीत किंवा मोबाइलवर द्या, मैदानावर टोपी आणि गॉगल घालू द्या, गणवेशाचा नियम आड आणू नका, मान कलती करून वाचत असेल तर वाचू द्या. छपाईला फारसा खर्च नाही. या जूनमध्येही ते करता येईल.